पाटलाचा म्हणतात तो बांध

बैलांच्या बाजारात मी उभी हयात काढली. खोटं बोलणारे दलाल पाहिले, विकायला आणलेल्या गोऱ्ह्याच्या गळ्यात पडून रडणारे आणि त्याच दमात भाव वाढवून सांगणारे शेतकरी पाहिले, आणि सगळ्यांना पुरून उरलो. पण तुमच्याच भल्यासाठी चार दगड उचला, एवढी साधी गोष्ट एका गावाला पटवताना माझा जेवढा जीव गेला तेवढा कोणत्याच सौद्यात गेला नाही. आज औरंगाबादेत गॅलरीत बसून मी पेपर वाचतो, त्यात लोकसहभाग हा शब्द वारंवार येतो. तो वाचला की माझं डोकं फिरतं. ज्यानं कधी चार लोकांना एका कामावर उभं करून पाहिलेलं नाही, त्यानंच हा शब्द काढला असणार.

आमचं गाव करमाडच्या पलीकडं, बोडक्या टेकड्यांच्या पायाशी. तेव्हा मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य. वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात माय, मी आणि एक म्हैस. म्हैस हेच आमचं खरं उत्पन्न. मायच्या हातचं तूप करमाडच्या बाजारात नाव घेऊन मागितलं जायचं आणि घरात आम्ही ताकावर भागवायचो. सकाळी ताकातल्या कण्या, दुपारी भाकरी आणि अंबाडीची भाजी, रात्री पुन्हा भाकरी आणि सकाळच्या भाजीचं जे काय उरलं असेल ते. मायला सतत बोलायची सवय होती. ती चुलीशी बोले, म्हशीशी बोले, आणि माझ्याविषयी तक्रार असली की भिंतीशी बोले, कारण भिंतीपलीकडं उस्मानभाई पिंजारी राहायचा आणि त्याला सगळं ऐकू जायचं. कापूस पिंजायची त्याची भली मोठी कमान होती. तिच्या तातीवर दांडका पडला की आमच्या भिंतीतून तुंग-तुंग असा घोगरा सूर निघायचा आणि कोनाड्यातली माती झरझर खाली यायची. माय काही बोलली की तो सूर थांबायचा. उस्मानभाई तिचं पूर्ण ऐकून घ्यायचा, भिंतीआडून एखादा शेरा मारायचा आणि मग पुन्हा तुंग-तुंग सुरू. मी माझ्याच घरात या दोघांच्या मधे वाढलो, त्यामुळं भांडण ऐकू आलं नाही तर मला झोप लागत नसे.

गावाच्या उगवतीला सरकारी गायरान होतं. गायरान म्हणायचं एवढंच. गावची सगळी जनावरं तिथं जायची, त्यात निम्मी एकट्या माणिकराव पाटलांची. मृगाचा पाऊस पडून हिरवी लव दिसायला लागली की ती वर येण्याआधीच फस्त. गवताची मुळं गेली, मग माती सुटली, आणि उताराच्या मधोमध एक घळ पडली. मी लहान असताना त्या घळीत आम्ही उड्या मारायचो. मी मिसरूड फुटण्याच्या वयाचा झालो तोवर तिच्यात उतरायला वाट धरावी लागायची. पाणी तिचं तोंड दरसाल वरच्या अंगाला सरकवायचं, आणि त्या वरच्या अंगाला आमचं शेत होतं. एका पावसाळ्यात तिनं आमच्या शेताच्या धुऱ्यावरची बोर गिळली. त्या वर्षी बोरं नाहीत म्हणून माय रडली, शेत जाणार म्हणून रडली नाही. ते माझ्याच ध्यानात आलं. घळ अशीच चढत राहिली तर शेत जाणार, आणि गायरान असंच राहिलं तर म्हैस विकावी लागणार. मग आमच्याकडं फक्त मायचं बोलणं उरलं असतं.

तेव्हा मी मामाच्या हाताखाली बैलांच्या दलालीत शिरलो होतो. पैठणच्या बाजूला एका गावात मी पाहिलं होतं, घळीच्या खालच्या टोकापासून वरपर्यंत रचलेल्या दगडांचे आडवे बांध, प्रत्येकाच्या मागं अडलेला गाळ, आणि पावसाळाभर रानात जनावर सोडायचं नाही असा नेम. गवत कमरेला लागत होतं. मी तिथल्या लोकांना विचारलं, हे कुणी केलं. ते म्हणाले, आम्हीच. मला वाटलं, हे लोक करू शकतात तर आमचे का नाही. तरुणपणी माणसाला असं काहीही वाटतं.

आमच्याकडं सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, महादेवाचा वार म्हणून. बैलाला विसावा, त्यामुळं माणसं दिवसभर पारावर तंबाखू मळत बसायची. सुगी उरकली होती, उन्हाळ्याची कामं थोडी होती. मी ठरवलं, हे सोमवार आपले. घरटी एक माणूस, दर सोमवारी, मृग लागेपर्यंत. पारावर जाऊन मी हे सांगितलं. मग एकजण म्हणाला, "म्हंजी बैलाला सुट्टी अन् माणसाला नाय व्हय?" झालं. पार हसायला लागला आणि माझं बोलणं तिथंच संपलं. मी इतका तापलो की पारावरून उतरताना माझीच वहाण तिथं विसरलो, आणि ती घ्यायला परत गेलो तेव्हा ते पुन्हा हसले.

मग मी बाजाराची रीत धरली. कळपाला भाव सांगत नाहीत, एकेका जनावराला सांगतात. घरोघर गेलो. प्रत्येकाला वेगळी अडचण आणि प्रत्येकाला वाटायचं ती आपल्यालाच आहे. कुणाची कंबर धरलेली, कुणाचा सोमवारचा उपास, कुणाचं शेत घळीपासून लांब म्हणून त्याला काय घेणं, कुणाचं जवळ म्हणून तो म्हणे की आधी माझ्या बाजूनं सुरू करा. एकानं मला विचारलं, शेजारी येणार का? मी म्हणालो, येणार. तो म्हणाला, मग मी नाय. शेजाऱ्यानंही अगदी हेच विचारलं होतं. शेवटी त्या दोघांना मी घळीच्या दोन टोकांना लावलं. सगळ्यांत अवघड सौदा उस्मानभाईचा, कारण त्याच्या शेळ्या. शेळी गायरानात सोडायची नाही म्हणजे ती खाणार काय? भिंतीआडून तो म्हणाला, "अरे सख्या, मेरेकू तू समजाया, मैं समज गया. बकरीकू कौन समजाएगा? तू?" बऱ्याच घासाघाशीनंतर कडेच्या बोरी-बाभळींचा पाला त्याला दिला आणि त्याच्या शेळ्या खाली उतरल्या. माणिकराव पाटलांकडंही गेलो. ते सुपारी कातरत होते. कातरता कातरताच म्हणाले, सरकारची जमीन हाय, सरकार बघून घेईल, तुला कुणी मुखत्यार केलं? मात्र त्यांनी नको म्हटलं नाही. पाटलांच्या घरून माणूस आला नाही, पण गायरानात जनावरं सोडणार नाही एवढं त्यांनी कबूल केलं. तेव्हा मला ते औदार्य वाटलं होतं.

आता इर्जिकीविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथं आहे. एखाद्याचं काम अडलं की गाव फुकट राबतं आणि ज्याचं काम तो जेवण घालतो, ती इर्जिक. जेवण ज्याचं, काम त्याचं, आणि त्या कामातून जे पिकेल तेही त्याचं. याला कागद लागत नाही, साक्ष लागत नाही. म्हातारीकोतारी माणसं एखाद्या शेताचा वाद असा मिटवायची की नांगरटीला जेवलो कुणाकडं, ते आठवा. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून नेम घातला की ज्यानं त्यानं आपली भाकरी बांधून आणायची. कुणी कुणाला घालायचं नाही. माय तर हट्टाला पेटली होती, एवढी माणसं राबणार आणि आपण येसराची आमटीही करायची नाही? मी तिला निक्षून सांगितलं, एक वाटी आमटी दिलीस तर उद्या लोक म्हणतील ह्यानं आपलं शेत वाचवायला गाव राबवून घेतलं. बांध कुणाचाच नको, म्हणजे तो सगळ्यांचा राहील. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूष होतो.

उन्हाळाभर काम चाललं. ते कसं चाललं ते मलाच ठाऊक. दर सोमवारी सकाळी मी दारोदार फिरून माणसं गोळा करायचो, आणि शेवटचा येईपर्यंत पहिला घरी गेलेला असायचा. दगड कसा बसवायचा यावर भांडणं, मोठा दगड कुणी उचलायचा यावर भांडणं, आणि मी ओरडलो की सगळे माझ्याविरुद्ध एक. पण दुपारी बाभळीच्या विरळ सावलीत भाकऱ्या सुटायच्या, कुणाचा ठेचा, कुणाची शेंगदाण्याची चटणी, कुणाचा नुसता कांदा, आणि दगडावर दगड बसल्याचा तो कोरडा आवाज कानात घुमत असायचा. मी कबूल करतो, मला ते आवडायचं. बांध एकापाठोपाठ एक वर चढत होते.

शेवटच्या सोमवारी वरचा, सर्वांत मोठा बांध पुरा झाला. आभाळ भरून आलं होतं आणि माणसं भाकऱ्या सोडायला बसणार, तोच पाटलांचे गडी ओझी घेऊन गायरानात आले. दोघांनी बांबूला टांगून आणलेलं सागुतीचं पातेलं, त्याच्या झाकणावर निखारे, टोपल्यांत ज्वारीच्या गरम भाकऱ्या. बकरा मुलाण्याकडून हलाल करून घेतलेला, म्हणजे उस्मानभाईसकट कुणालाही नको म्हणायला जागा नाही. त्यातला एक गडी म्हणाला, पाटलांनी सांगितलंय, गाव दमलंय, जेवून घ्या. मी बांधावरून ओरडलो, कुणी हात लावू नका. वास माझ्या आवाजाच्या आधी पोचला होता. उन्हाळाभर कोरडी भाकरी खाल्लेली माणसं. ती पातेल्याकडं बघत होती आणि मी त्यांना रीत समजावत होतो. एक म्हातारा मला म्हणाला, बाळा, अन्नाला नाय म्हणू नये. सगळे जेवले, सोमवारचा उपास सांगणारेही. उस्मानभाईही जेवला. मी त्याच्याकडं रागानं पाहिलं तेव्हा नळी चोखत तो म्हणाला, "काम तेरा किया, बोटी उसकी खाई. अब दोनों में से किसी का एहसान नहीं." मी आणि भाकरी घेऊन आलेली माय उपाशीच घरी आलो. त्या दिवशी माय भिंतीशी बोलली नाही. उस्मानभाईनंही कमान उचलली नाही.

पाऊस चांगला झाला. बांधांमागं गाळ धरला, घळीचं तोंड जिथं होतं तिथंच थांबलं, आणि गायरानात जनावर नसल्यानं कधी न पाहिलेलं गवत उभं राहिलं. घरटी वाटा करून कापायचं, असं आमचं आधीच ठरलं होतं. कापणीचे दिवस आले आणि पाटलांनी दवंडी दिली की माझ्या इर्जिकीच्या बांधानं पिकलेलं गायरानाचं गवत मी कापून घेणार आहे, विळे घेऊन या, रोजंदारी मिळेल. मी पारावर गेलो आणि एकेकाला विचारलं, बांध कुणाचा? सगळ्यांनी माना खाली घातल्या. बेइमान नव्हते ते लोक, तेच तर दुखणं होतं. ते मनापासून म्हणत होते, सख्या, तुझं खरं हाय, पण जेवलो आम्ही त्यांच्याकडं, आता तोंडानं नाय कसं म्हणावं. त्यांना स्वतःचं गवत जाताना दिसत होतं आणि तरी रीत मोडवत नव्हती. अशा लोकांवर ओरडून काय करणार? तरी मी घसा बसेपर्यंत ओरडलो.

हस्ताचा पाऊस आला तो माझ्या मदतीला. मधला एक बांध फुटला. मी तो पाहायला गेलो आणि तिथंच खाली बसलो, कारण मला माझा सौदा दिसला. इर्जिकीचं काम मोडलं तर दुरुस्तीही इर्जिकीनंच होते, आणि जेवणही त्याच घरचं. पारावर येऊन मी अगदी हळू आवाजात म्हणालो की आपल्या पाटलांचा बांध फुटलाय, आपण जायला पाहिजे. माझा हळू आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला असावा. दुसऱ्या दिवशी, सोमवार नसतानाही, सगळे पुरुष पाटलांच्या दारात उभे. पाटील, तुमचा बांध फुटला, आम्ही आलो. त्यांना जेवण घालणं भाग पडलं. मग आम्ही दुरुस्ती अशी काही नीट केली की विचारू नका. फुटलेला बांध पायापासून उकलला. शेजारचेही थोडे सैल वाटले, तेही उकलले. रोज दुपारी पाटलांच्या घरचं पातेलं यायचं आणि आता मी पहिल्या पंगतीला बसायचो. गावातले सगळे हात बांधावर, त्यामुळं पाटलांचं गवत कापायला एकही विळा मिळेना. बाहेरगावची माणसं आणावीत तर ती म्हणत, पाटलांच्याच इर्जिकीवर गाव राबतंय, त्यात आम्ही कसं शिरायचं? पाटलीणबाईंनी भाकऱ्या थापून थापून हात वर केले असं आमच्या कानावर आलं. गवत पिवळं पडत चाललं होतं.

एक दिवस पाटलांनी मला बोलावलं. मी उस्मानभाईला बरोबर घेऊन गेलो. पाटील ओसरीवर होते, सुपारी हातात, कातरत मात्र नव्हते.

"किती दिवस चालणार हाय दुरुस्ती?"

"तुमचा बांध हाय, पाटील. नीट नको व्हायला?"

"गवत उभ्यानं वाळायलंय."

"व्हय. मलाबी लई वाईट वाटतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "निम्मं घे."

"सगळं. घरटी एक वाटा. तुमच्या घराला बी एक."

"माझी जनावरं किती हायत, ठाऊक हाय का तुला?"

"ठाऊक हाय. म्हणून तर घळ पडली."

उस्मानभाईनं खोकला काढला, तो हसत होता. पाटलांनी सुपारी बाजूला ठेवली. नंतर म्हणाले, "मग मला काय राह्यलं?"

मला गवत दिसत होतं, म्हैस दिसत होती. जी वस्तू खायला येत नाही तिची मला त्या वयात किंमत नव्हती. मी म्हणालो, "नाव घ्या की. बांध तुमचाच म्हणतील सगळे."

"सगळे म्हणतीलच. तू म्हणशील का?"

तो माणूसही सौदेबाज होता, हे मला तिथं कळलं. त्यांनी शपथेसाठी बेलभंडारा मागवला आणि तो माझ्या हातात ठेवून अट बोलून दाखवली. पारावर, चावडीत, लग्नात, मयतीत, कुठंही, हा बांध पाटलांचा नाही असा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. ते असतील तोवर आणि नसतील तेव्हाही. मी बेलभंडारा उचलला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती एका दुपारात उरकली आणि त्या आठवड्यात घरोघर गवताचे भारे गेले. मायनं आमचा भारा अंगणात उतरवला, म्हशीपुढं एक पेंढी टाकली आणि ती खात असताना तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ती एक शब्द बोलली नाही, तेव्हा भिंतीपलीकडून उस्मानभाईनं काळजीनं विचारलं, "भाभी, तबियत तो ठीक है?"

पुढं दरसाल दुरुस्ती मी काढली, दरसाल माणसं मी गोळा केली, त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. दोन-तीन वर्षांनी जिल्ह्याचा एक मोठा अंमलदार घोड्यावरून दौऱ्यावर आला. आसपासच्या उजाड टेकड्यांमधे आमचं हिरवं रान पाहून तो थांबला. पाटील नवा फेटा बांधून पुढं झाले आणि आपण गाव कसं जमवलं, लोकांना कसं पटवलं ते सांगू लागले. मी तेव्हा वरच्या बांधावर, हातात दगड घेऊन उभा होतो. अंमलदाराला शंका आली असावी, की मीच जवळ होतो म्हणून असेल, त्यानं मला विचारलं, "क्यों मियाँ, सच है?" सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. पाटील बघत नव्हते. ते घोड्याच्या खोगिराकडं बघत होते. हातातला दगड मी खाली ठेवला, नीट बसवला आणि म्हणालो, "जी हुजूर. पाटलांचाच बांध." पाटलांच्या खांद्यावर शाल पडली. त्या रात्री माय भिंतीशी इतकं बोलली की उस्मानभाईला शेवटी कमान घ्यावी लागली.

पाटील जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. उस्मानभाई गेला, माय गेली. मध्यंतरी गावात एका लग्नाला गेलो होतो. जेवताना शेजारी एक तरुण बसला होता, कुठल्याशा जमीन वाचवणाऱ्या मंडळाचा. तो मला समजावून सांगत होता की माणिकराव पाटलांनी त्या काळात, सरकारची मदत नसताना, गावाला कसं एकत्र आणलं आणि आजच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यापासून किती शिकण्यासारखं आहे. "आजोबा, तुम्ही तर त्यांना पाहिलं असेल," तो म्हणाला. मी वरण ओढून घेतलं आणि म्हणालो, व्हय, लई मोठा माणूस. लग्नात बोलायचं नाही असं ठरलेलं होतं आणि मी शब्द फिरवला असं सांगणारा माणूस बाजारात तुम्हाला सापडणार नाही. तोंडानं मी आजवर काही बोललो नाही आणि बोलणारही नाही. तोंडानं म्हणजे तोंडानं. बेलभंडारा हातात ठेवून पाटलांनी जी अट घातली तीत तोंडाचंच नाव होतं, लेखणीचं नव्हतं. तो बांध मी बांधला.